सोनाळ्यात कुणीतरी ओ दिली

मोहाच्या फुलांचा वास आधी गोड वाटतो आणि मग हळूहळू घशाशी येतो. फाल्गुनाच्या अखेरीस, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यात, शाळेच्या ओसरीवर मी माझ्या नाटकाची तयारी करत होते, तेव्हा डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याबरोबर तो वास येत होता आणि कुठल्याशा बांधावर पेटवलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर त्यात मिसळला होता. सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड अजून रेंगाळत होता. तापून निवत चाललेल्या तव्यासारखा तांबूस, निस्त्राण उजेड. मैदानात सतरंज्या अंथरल्या जात होत्या, बाया लेकरांना कडेवर घेऊन येत होत्या, आणि पहिल्या रांगेत जरा कडेला माझी माय बसली होती. आम्ही तिला मायच म्हणतो. ती ओसरीकडे पाठ करून बसली होती आणि फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचा चेहरा निरखत होती.

हे नाटक माझं एकटीचं. मी चिखलीला महाविद्यालयात मराठी शिकवते. अभिनयाचं शिक्षण मी कधी घेतलेलं नाही. एक लाकडी स्टूल आणि मागे पांढरी चादर एवढंच नेपथ्य घेऊन मी अमडापूरच्या आमच्या घराची गोष्ट सांगते. बाबांची पिठाची गिरणी होती. तिच्या पट्ट्याची एकसुरी फटफट, ज्वारीच्या आणि गव्हाच्या गरम पिठाचे वेगळे वास, पापण्यांवर पांढरी साय साचलेले बाबा दुपारी घरी येत तेव्हा अंगणात उभं राहून अंग झटकत आणि क्षणभर स्वतःच्याच ढगात नाहीसे होत, ते सारं त्यात येतं. दूध तापवायच्या गंजाच्या बुडाची खरवड कुणी खायची यावरून माझी आणि विजूची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, होणारी मारामारी येते. परीक्षेच्या दिवसांत दिवे गेले की चिमणीच्या उजेडात आमची दोन डोकी एकाच पुस्तकावर वाकत आणि कुणाचे तरी केस जळल्याचा वास सुटे, तेही येतं. नाटकात असामान्य असं काही घडत नाही. लोक मनमोकळं हसतात आणि संपल्यावर जवळ येऊन सांगतात, की आमच्या घरातही अगदी असंच होतं.

त्यांना ठाऊक नसतं, की हे नाटक मी कुठल्याही आनंदाने लिहिलेलं नाही.

विजू गेला तो चैत्रातल्या एका दुपारी. शिक्षण संपवून तो बाबांच्या हाताखाली गिरणी चालवू लागला होता आणि त्यात तो नाखूश आहे असं कुणालाच कधी जाणवलं नव्हतं. गिऱ्हाइकांशी थट्टा करायचा, शेजारणींचे डबे स्वतः घरपोच करायचा. त्या दुपारी त्याने गिरणी थांबवली, पट्टा उतरवला, हातपाय धुतले, मायला ‘येतोच’ म्हणाला आणि स्टँडच्या दिशेने चालू लागला. भांडण झालं नव्हतं. कुणा मुलीचं प्रकरण नव्हतं, व्यसन नव्हतं, आजार नव्हता. पोलिसांत तक्रार झाली, त्याचे फोटो गावोगावच्या स्टँडांवर लागले आणि पावसाळ्यात भिजून गळून पडले. बाबा त्याला शोधत आधी घाटाखाली, मग खानदेशात, मग इंदूर-बऱ्हाणपुरापर्यंत फिरले. परत येत तेव्हा पिठाचा नव्हे, रस्त्याच्या धुळीचा रंग त्यांच्या अंगावर असे. अशाच एका फेरीनंतर ते अंथरुणाला लागले आणि उठले नाहीत.

एखादा माणूस काही कारण ठेवून जातो तेव्हा मागे राहिलेल्यांना निदान त्या कारणावर रागावता येतं. कारणाशिवाय माणूस उठून गेला की घराच्या साधेपणावरचाच विश्वास उडतो. माझं तसंच झालं. मी रात्रंदिवस आमचं बालपण चाळू लागले, पीठ चाळावं तसं. कुठे एखादा खडा निघतो का, कुठल्या एखाद्या वाक्याचं, नजरेचं, न दिलेल्या घासाचं कुसळ त्याला टोचत राहिलं होतं का, ते बोटांनी चाचपत राहिले. माझ्या चाळणीत काहीच उरलं नाही. जे खाली पडत गेलं, शुभ्र, मऊ आणि निरुपद्रवी, त्याचंच पुढे हे नाटक झालं. मायला मी ते पहिल्यांदा घरात करून दाखवलं, तेव्हा तिने एकच अट घातली. नाटकात विजू गेला असं म्हणायचं नाही. तो घरातच असला पाहिजे.

म्हणून नाटकातला विजू घरातच असतो. शेवटाकडे दिवेलागणीचा प्रसंग आहे: मी माय होऊन ओसरीच्या कडेला येते, तोंडाजवळ हात धरते आणि गल्लीत खेळणाऱ्या आम्हा दोघांना हाक मारते, ‘नंदे… विजू… जेवाले चाला!’ मग थोडं थांबून मीच विजूच्या आवाजात ओ देते. तिसऱ्या की चौथ्या प्रयोगानंतर परतताना एसटीत माय खिडकीबाहेर पाहत मला म्हणाली होती, “हाक मारल्यावर जरा जास्त थांबत जा. त्याले बोलाले टाईम दे.”

तेव्हा मला समजलं, की ती माझ्याबरोबर गावोगाव नाटक पाहायला येत नव्हती.

यंदा मात्र तिच्या प्रतीक्षेला एक भिंत आडवी आली. मेहकरचे मामा घरी आले, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि शेवटी चहाचा कप खाली ठेवत मूळ विषयाकडे वळले. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचे संस्कार उरकून त्याला मोकळं करावं, असं शास्त्र आहे. चैत्रात बारा पूर्ण होतात. देहाच्या जागी पळसाच्या देठांचा पुतळा करून जाळतात, भटजींशी मी बोललो आहे. मामा कठोर मनुष्य नव्हते, बोलताना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मायने त्यांचं बोलणं सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन कणिक मळायला बसली. कणिक कितीतरी वेळ मळत राहिली, हाताला चिकटायची थांबली तरी.

त्याच दिवशी, जाता जाता, मामांनीच आणखी एक गोष्ट सांगितली, कदाचित सांगितल्याचा त्यांना नंतर पस्तावाही झाला असेल. त्यांच्या ओळखीचा एक जण संत्र्याच्या बागा पाहायला सोनाळ्याला गेला होता. तिथे एका बागेत राखणीला असलेला माणूस त्याला दिसला. उंचीने विजूसारखा, बोली आपल्याकडची, आणि घर कुठलं विचारलं की उत्तर न देता कामाला लागणारा. अशा बातम्या आम्हाला पूर्वीही खूप आल्या होत्या. प्रत्येक वेळी बाबा गेले होते आणि प्रत्येक वेळी तिथे दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा निघाला होता. पण आता बाबा नव्हते आणि चैत्र जवळ आला होता. माय म्हणाली, “तथी नाटक लाव.” मी सोनाळ्याचं वाचनालय सांभाळणारे निवृत्त गुरुजी गाठले, आणि त्यांनी आनंदाने होकार दिला.

घाट उतरून एसटी खामगावकडे निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस फुललेला होता. निष्पर्ण फांद्यांवर नुसता जाळ. शेगाव मागे पडलं, वरवट बकाल गेलं, सातपुड्याची निळी रेघ जाड होत गेली, आणि पळस काही संपेना. एरवी मी वेड्यासारखी पाहत राहिले असते. त्या दिवशी मायने खिडकीकडे पाठ केली, पदराने चेहरा झाकला आणि ती झोपल्यासारखी बसून राहिली. पळस आता तिच्यासाठी फक्त पळस राहिला नव्हता.

नाटक सुरू झालं तेव्हा मैदान बऱ्यापैकी भरलं होतं. बाबांच्या पिठाच्या ढगाला लोक हसले, खरवडीच्या भांडणाला तर म्हाताऱ्या बायाही पदर तोंडाला लावून हसल्या. मी यंत्रवत बोलत होते. माझं अर्धं लक्ष मायकडे होतं आणि आता ओसरीकडे वळून बसलेल्या मायचं सगळं लक्ष तिच्या पाठीमागे. हवेत गारवा आला होता. ओसरीवरच्या एकुलत्या एक दिव्याभोवती किडे घिरट्या घालत होते, आणि त्या दिव्यामुळे मला पुढच्या दोन-तीन ओळींपलीकडे केवळ काळोख दिसत होता. दिवेलागणीचा प्रसंग आला. मी कडेला आले, तोंडाजवळ हात धरला आणि हाक मारली. मग, मायने सांगितलं होतं त्याप्रमाणे, थांबले.

मैदानाच्या टोकाला, निंबाच्या झाडाखालून, एका पुरुषाचा आवाज आला.

“आलो व माय.”

लोकांना वाटलं हा नाटकाचाच भाग आहे. काही जण हसले, कुणी टाळीही दिली. मी मात्र जागीच थिजले. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी मी गावोगाव माझं घर उघडं करून दाखवत हिंडत होते, तो क्षण आला तेव्हा माझ्या मनात पहिली जी भावना उमटली ती आनंदाची नव्हती. ती भीती होती. मी ज्याला रोज सजीव करत होते तो खरवडीसाठी भांडणारा, चिमणीवर केस जाळून घेणारा विजू होता. काळोखातून जो उठून येईल तो मला अनोळखी, पिकलेल्या आवाजाचा, माझ्याविना जगलेला एक माणूस असेल, आणि त्याला काय म्हणायचं ते माझ्या नाटकात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

माय उठली होती. बसलेल्या बायांच्या मधून वाट काढत ती निंबाकडे निघाली. तिथला माणूसही उठला आणि घाईघाईने फाटकाकडे चालू लागला. मी ओसरीवरून उतरून मागे धावले. गुरुजी लोकांना बसून राहायला सांगत होते, त्यांचा आवाज मला कुठून तरी लांबून ऐकू येत होता. फाटकाजवळ नळ होता आणि नळावर एक दिवा. तिथे मायने त्या माणसाचा दंड धरला आणि त्याला उजेडाकडे वळवलं.

तो विजू नव्हता. वयाने विजूपेक्षा बराच मोठा, कानशिलांवर पांढरे केस, उन्हाने रापलेला, गोंधळलेला चेहरा. तरीही मायने आपला तळहात त्याच्या गालावर ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच राहू दिला, जणू डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता आणि खात्री हातालाच करून घ्यायची होती.

“माफ करजा बाई,” तो खाली पाहत म्हणाला. “तोंडातून निंघून गेलं. आमची माय अशीच हाक मारे.”

मामांच्या ओळखीच्या माणसाने पाहिला तो हाच. संत्र्याच्या बागेत राखणीला होता. गाव विचारलं तेव्हा घुटमळत त्याने धामणगाव बढ्याकडचा म्हणून सांगितलं. विशीत घरातून निघाला तो पुन्हा गेला नाही. आई आहे का, असं मी विचारलं. “असंन,” तो म्हणाला. या एका शब्दाने माझा धीर सुटला. बारा वर्षं जो प्रश्न मी भिंतींना, आठवणींना आणि बाबांच्या विझत जाणाऱ्या डोळ्यांना विचारला होता, तो आता एका खऱ्याखुऱ्या माणसाला विचारता येणार होता. मी जवळजवळ त्याच्या अंगावर धावून गेल्यासारखं विचारलं, “तुमी घर काऊन सोडलं?”

त्याने विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे त्याच्या कपाळावर दिसत होतं. नळातून पाण्याचा थेंब थेंब गळत होता.

“काहीच नव्हतं, बाई. भांडन असतं तं मिटलं असतं, मी वापस बी गेलो असतो. काहीच नव्हतं. आता जाऊन सांगू काय?”

चाळणीत खडा सापडला नाही याचा अर्थ मी नीट शोधला नाही असा मी इतके दिवस घेत आले होते. खडा मुळात नसूही शकतो, आणि तो नसणं हेच परतीच्या वाटेवरचं सर्वांत मोठं कुंपण असू शकतं, हे मला कधी सुचलं नव्हतं. ज्याच्याकडे दाखवायला जखम नाही त्याने कुठल्या तोंडाने दार वाजवावं? विजूही कुठेतरी असाच, सांगण्याजोगं काही नाही म्हणून, थांबून राहिला असेल तर आमच्या हाकेचा उपयोग काय?

माय त्याला म्हणाली, “काही सांगू नको. नुसता जा.”

त्याने मान हलवली. होकार की नकार ते कळलं नाही. मग अगदी हळू आवाजात त्याने विनंती केली, की तो इथे असल्याचं आम्ही कुणाला सांगू नये. मायने ‘नाही सांगत’ म्हटलं आणि त्याचा दंड सोडला. तो बागांच्या वाटेने निघून गेला. मोहाचा वास एव्हाना आणखी दाट झाला होता.

लोक बसून होते. मी परत ओसरीवर गेले, स्टुलावर बसले, आणि विजूची ओ माझ्याने देववेना. मग मी मायची अट मोडली. नाटकातल्या आवाजात नव्हे, माझ्या आवाजात सांगितलं, की विजू माझा खरा भाऊ, तो एका दुपारी घरातून गेला आणि अजून आलेला नाही. मघाशी ज्याने ओ दिली तो दुसरा कुणी होता. त्या माणसाबद्दल मी अधिक काही बोलले नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाया उठल्या, आपापली लेकरं उचलताना त्यांनी ती जरा जास्तच घट्ट धरली, आणि जाताना एकेकीने मायच्या हाताला नुसता हात लावला.

गुरुजींच्या घरी जेवायला बसलो तेव्हा मी मायला विचारलं, की तिला खरंच तो विजूचा आवाज वाटला होता का.

“नाही,” ती म्हणाली. “आयकल्याबरोबर समजलं मले.”

“मंग काऊन धावली?”

तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच ठेवला.

“कोनाचा तं होता न.”

घरी परतल्यावर तिने मामांना फोन केला आणि हे वर्ष राहू द्या, एवढंच सांगितलं. मामांनी वाद घातला नाही. तिच्या आवाजात पूर्वीचा हट्ट नव्हता, आशाही नव्हती. थकून भागून एखाद्या पायरीवर टेकलेल्या माणसाचा तो आवाज होता. मला वाटलं आता ती नाटकाचं नाव काढणार नाही. मलाही ते नको झालं होतं. पांढरी चादर मी कपाटात अगदी तळाशी टाकून दिली होती. पण चैत्र लागल्यावर एका सकाळी, तुळशीला पाणी घालता घालता, ती म्हणाली की धामणगाव बढ्याला एक प्रयोग लाव. मी तिला त्या माणसाला दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. ती म्हणाली, सांगायचं काहीच नाही. नुसतं जाऊन यायचं.

तर आम्ही गेलो. एका मंगल कार्यालयाच्या आवारात प्रयोग झाला, दिवस मावळायच्या सुमारास, बाजाराचा दिवस म्हणून गर्दी बरी होती. नाटक मी आता बदललं होतं. हाक मारून झाली की मी सरळ सांगते, की या हाकेला ओ मिळालेली नाही. सांगताना दर वेळी आवाज फुटतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण त्या दिवशी मी पाहिलं ते मायकडे. ती फाटकाकडे पाहत नव्हती. ती मागच्या बाजूला म्हाताऱ्या बायांच्या घोळक्यात जाऊन बसली होती आणि एकेक सुरकुतलेला चेहरा अशा एकाग्रतेने वाचत होती, जणू त्यांतल्या एकीच्या नाकावर, हनुवटीवर, सोनाळ्याचा तो माणूस तिला सापडणार होता.

सापडला असेल तर तिने मला सांगितलं नाही. प्रयोग संपला, लोक पांगले, मी चादर गुंडाळत होते. माय अजून एका म्हातारीशेजारी बसली होती. ठेंगणी, पांढऱ्या लुगड्यातली, कानांनी थोडी कमी ऐकणारी असावी, कारण दोघी जरा मोठ्याने बोलत होत्या. उन्हाळ्याचं, गुडघ्यांचं, सांडग्या-कुरड्यांचं बोलणं चाललं होतं. मग त्या म्हातारीने, आपल्याकडे कुठलीही बाई कुठल्याही बाईला विचारते तो प्रश्न विचारला: लेकरं किती?

“दोन,” माय म्हणाली. “हे पोरगी, अन् एक पोरगा.”

“पोरगा कुठी असते?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कितीदा ऐकला होता, आणि दर वेळी माय ‘पुण्याकडे असते, कामावर’ असं पटकन म्हणून पदर सारखा करत असे. मी चादर हातात धरून वाट पाहत राहिले.

“मालूम नाही,” माय म्हणाली.

तिने ते रडत म्हटलं नाही. हे शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांत त्याचं मरण नव्हतं आणि त्याचं येणंही नव्हतं. या दोन शब्दांमधल्या ओसाड जागेत आपल्याला यापुढे राहायचं आहे, तिथेच चूल मांडायची आहे, हे तिने माझ्याही आधी स्वीकारलं होतं की तिथे पोहोचून ती नुसतीच थबकली होती, ते मला ठरवता आलं नाही. म्हातारीने पुढे काही विचारलं नाही, सांत्वन केलं नाही, स्वतःचं काही सांगितलंही नाही. ती फक्त सतरंजीवर सरकून मायच्या आणखी जवळ बसली, आणि दोघी रिकाम्या होत चाललेल्या आवाराकडे पाहत राहिल्या, कुणाची घाई नसल्यासारख्या.